रामन यांनी प्रवेश नाकारलेल्या मुलीने बटाट्यात जे शोधलं, त्याचं नातं थेट प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंशी निघालं

बजाजनगरमध्ये वाळूजच्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्यांच्या कितीतरी खोल्या आहेत. अशा खोलीत कॉटखाली एक टोपली असते आणि टोपलीत कांदे-बटाटे. सुट्टीला गावी गेलेला माणूस महिनाभराने परत येतो, तेव्हा बटाट्याची साल सुरकुतलेली असते, अंगावर कोंब आलेले असतात आणि हातात घेतला तर तो हलका लागतो.

हे वजन गेलं कुठे? बरंचसं पाणी होऊन उडून गेलं. पण थोडा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेला. कारण शेतातून काढला, पोत्यात भरला, बाजारात विकला तरी बटाटा जिवंतच असतो. तो श्वास घेत राहतो. पानांनी उन्हात हवेतला जो कार्बन पकडून पिठाच्या रूपात खाली साठवला, तोच कार्बन बटाटा अंधारात हळूहळू परत सोडत असतो.

हा श्वास तो नेमका कोणत्या यंत्रणेने घेतो, हा १९३० च्या दशकात वादाचा प्रश्न होता. तो सोडवणाऱ्यांत एक मराठी बाई होती. कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत.

कमलाबाईंचं नाव तुम्ही ऐकलेलं असणार. केंब्रिजमधून विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, सर सी. व्ही. रामन यांनी जिला बाई म्हणून प्रवेश नाकारला ती मुलगी, अशा पोस्ट दर महिला दिनाला फिरतात. त्या बरोबरच आहेत. फक्त त्यांत बटाट्याला एक ओळ मिळते आणि तीही बहुतेक वेळा थोडी चुकलेली असते. खरं तर या बाईंच्या आयुष्यातली सगळ्यात भारी गोष्ट त्या ओळीतच आहे.

तर सुरुवात इंदूरपासून करू.

१९११ साली इंदूरच्या भागवत कुटुंबात कमलाचा जन्म झाला. घरात रसायनशास्त्र होतं असं म्हटलं तरी चालेल. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, सुरुवातीच्या काळात जे शिकले त्यांत हे दोघे भाऊ होते. थोरली बहीण दुर्गा. हीच पुढे ‘ऋतुचक्र’ लिहिणारी आणि आणीबाणीत सरकारला जाहीरपणे सुनावणारी दुर्गा भागवत. एका घरातून दोन मुली निघाल्या. एकीने झाडाफुलांकडे लेखिकेच्या नजरेने पाहिलं, दुसरीने त्यांना वाटून, गाळून, काचेच्या नळीत घालून पाहिलं.

१९३३ मध्ये कमला मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाली. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. नंबर पहिला. पुढे कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच. तिने बंगळुरूला अर्ज केला आणि नकार आला.

त्याच वर्षी रामन त्या संस्थेचे संचालक झाले होते. नोबेल मिळून तीनच वर्षं झाली होती आणि देशात त्यांच्या शब्दापुढे शब्द नव्हता. मुलीला संशोधनासाठी घ्यायचं नाही, असं त्यांचं मत होतं. गुणांबद्दल तक्रार नव्हती, ती असण्याचं कारणही नव्हतं. वडिलांनी आणि काकांनी शब्द टाकून पाहिला. उपयोग झाला नाही.

मग ही बावीस वर्षांची मुलगी स्वतः बंगळुरूला गेली आणि रामन यांच्यासमोर उभी राहिली. नकाराचं कारण द्या, असा तिचा हट्ट होता. गांधीजींच्या आंदोलनांचा काळ होता, ठाण मांडून बसणं म्हणजे काय हे घराघरात माहीत होतं. शेवटी रामन यांनी तिला घेतलं, पण अटी घालून. पहिलं वर्षभर नियमित विद्यार्थी म्हणून मान्यता नाही, काम पाहून ठरवू. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये.

तिसरी अट पुन्हा एकदा वाचा. लक्ष विचलित होणार मुलांचं आणि हमी द्यायची मुलीने.

कमलाने अटी मान्य केल्या, पण अपमान गिळला नाही. साठेक वर्षांनी, आयुष्याच्या अखेरीस, महिला वैज्ञानिकांच्या समारंभातही त्यांनी ही सल बोलून दाखवली. रामन मोठे शास्त्रज्ञ होते आणि या बाबतीत संकुचित होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

बंगळुरूला तिला श्रीनिवासय्या नावाचे मार्गदर्शक मिळाले. कडक शिस्तीचे, पण शिकवण्यात हात न आखडणारे. तिथे तिने दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. ज्या देशात बहुतेकांची प्रथिनं वरण-उसळीतून येतात तिथे हा विषय घेणं म्हणजे थेट ताटातला प्रश्न घेणं होतं. वर्ष संपलं, रामन यांनी काम पाहिलं आणि तिला नियमित करून घेतलं. त्यानंतर मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं. १९३६ मध्ये तिला एमएस्सी मिळाली आणि १९३७ मध्ये ती केंब्रिजला पोचली.

केंब्रिजची जीवरसायनाची प्रयोगशाळा म्हणजे त्या काळातली या विषयाची पंढरी. प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळवलेले. प्रयोगशाळा गच्च भरलेली, नव्या माणसाला टेबल नाही. अशी हकिकत सांगतात की डेरेक रिश्टर या संशोधकाने आपलं टेबल कमलाला दिवसा वापरायला दिलं आणि स्वतः रात्री काम करायचं कबूल केलं. वाळूजमधल्या माणसाला हे समजावून सांगायला नको: एक मशीन, दोन शिफ्ट.

रिश्टर यांच्याबरोबर काही काळ काम केल्यावर ती गेली रॉबिन हिल यांच्याकडे. इथून गोष्ट कार्बनकडे वळते.

रॉबिन हिल हे अबोल, थोडे विक्षिप्त गृहस्थ. वनस्पतींपासून रंग काढण्याचा त्यांना नाद होता. तरुणपणी त्यांनी अख्खं आकाश एका फोटोत मावेल अशी भिंग बसवलेली कॅमेऱ्याची रचना केली होती, ढगांचे फोटो काढण्यासाठी. पण विज्ञानाच्या इतिहासात ते अमर झाले वेगळ्याच कारणाने. १९३७ मध्ये, म्हणजे कमला केंब्रिजला आली त्याच वर्षी, त्यांनी पानांमधून हरितलवकं बाहेर काढून दाखवलं की लोहाचा एक क्षार सोबत दिला तर ती उजेडात ऑक्सिजन सोडतात. पान नाही, पेशी नाही, कार्बन डायऑक्साइडसुद्धा नाही. तरी ऑक्सिजन.

यात एवढं काय? तोवर शाळेपासून विद्यापीठापर्यंत साधारण समज असा होता की झाड कार्बन डायऑक्साइड फोडतं, कार्बन ठेवून घेतं आणि ऑक्सिजन सोडून देतं. हिल यांच्या प्रयोगात कार्बन डायऑक्साइडची गरजच पडली नाही. म्हणजे उजेडाचं काम वेगळं आणि कार्बन पकडण्याचं काम वेगळं. उजेडाच्या बळावर पाणी फुटतं, त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. त्या इलेक्ट्रॉनांच्या भांडवलावर पुढे कार्बन बांधला जातो.

हीच शंका काही वर्षं आधी जिवाणूंमुळे आली होती. कॅलिफोर्नियात काम करणारे डच शास्त्रज्ञ कॉर्नेलिस व्हॅन नील गंधकाच्या पाण्यात वाढणाऱ्या जांभळ्या आणि हिरव्या जिवाणूंचा अभ्यास करत होते. हे जिवाणू उजेडावर जगतात, कार्बन डायऑक्साइड पकडतात, पण ऑक्सिजन अजिबात सोडत नाहीत. पाण्याऐवजी ते हायड्रोजन सल्फाइड वापरतात, म्हणजे कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू, आणि ऑक्सिजनऐवजी गंधकाचे कण साठतात. १९३१ च्या सुमारास व्हॅन नील यांनी सरळ हिशेब मांडला. सल्फाइड वापरणाऱ्याकडे गंधक उरत असेल, तर पाणी वापरणाऱ्या झाडाकडे उरणारा ऑक्सिजनही पाण्यातलाच असणार. मातीतल्या य:कश्चित जिवाणूंनी वडा-पिंपळाचं गुपित फोडलं.

अशा वातावरणात कमला भागवत हिल यांच्या टेबलाशी आली आणि तिला काम मिळालं ते याच्या उलट टोकाचं. पान कार्बन कसा पकडतं हे हिल पाहत होते. वनस्पती तो कार्बन परत कसा जाळते, हे तिला पाहायचं होतं.

प्राण्यांचं चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोम नावाच्या लालसर प्रथिनांचा शोध जाहीर केला होता. पोटात लोह असलेली ही प्रथिनं इलेक्ट्रॉन घेतात आणि पुढच्याला देतात. विटांच्या भट्टीवर माणसं रांगेत उभी राहून वीट हातोहात पुढे देतात, तसंच. साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन या रांगेतून जात जात शेवटी सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराकडे पोचतात आणि तो ते ऑक्सिजनच्या हवाली करतो. वाटेत सुटणाऱ्या ऊर्जेवर पेशी चालते.

केलिन यांनी सायटोक्रोम वनस्पतींमध्येही पाहिलं होतं. त्यामुळे वनस्पतीत सायटोक्रोम असतं हे कमलाबाईंनीच पहिल्यांदा शोधलं, असं जे सरसकट लिहिलं जातं ते काटेकोरपणे खरं नाही. खरा वाद होता तो रांगेच्या शेवटच्या माणसाबद्दल. वनस्पतीत ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतं कोण?

इथे बटाटा घोटाळा करतो. बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो. हे करतं वेगळंच विकर. ते ऑक्सिजन वापरून फेनॉल जातीच्या पदार्थांना काळपट रंग आणतं आणि बटाट्यात ते भरपूर असतं. त्यामुळे बटाट्याचा श्वास याच विकराच्या हातात असावा, असं मत मांडलं जात होतं. प्राण्यांची एक यंत्रणा, वनस्पतींची दुसरी. ऐकायला पटण्याजोगं होतं.

कमलाने बटाटा आणि इतर वनस्पतींच्या पेशींचे अंश घेऊन ही यंत्रणा तपासली. अशा कामात मुख्य हत्यार असतं वर्णपटदर्शक. सायटोक्रोम-सी कडे इलेक्ट्रॉन असला की त्यातून पाहिलेल्या प्रकाशाच्या हिरव्या भागात एक काळी रेघ उमटते. इलेक्ट्रॉन पुढे गेला की रेघ पुसट होते. रेघ येते, रेघ जाते, एवढाच काय तो पडद्यावरचा सिनेमा. पण तो पाहण्यासाठी चिरल्याबरोबर काळ्या पडणाऱ्या बटाट्यातून काम करणारा अंश वेगळा काढावा लागतो. अडचण तिथेच आहे.

निष्कर्ष असा निघाला की वनस्पतींकडेही सायटोक्रोम ऑक्सिडेज आहे आणि ते सायटोक्रोम-सी कडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देऊ शकतं. म्हणजे शेवटचा माणूस तोच. बटाटा, घोडा आणि माणूस, तिघांच्या श्वासाची मूळ यंत्रणा एक. १९३९ मध्ये ‘नेचर’ मध्ये हिल आणि भागवत यांच्या नावाने छोटी टीप आली. पीएचडीचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा आणि केंब्रिजला आल्यापासून चौदा महिन्यांत सादर केलेला. आजच्या आपल्याकडच्या चारशे पानी प्रबंधांशी तुलना करायचा मोह आवरलेला बरा.

आता जिवाणूंकडे परत येऊ, कारण कमलाबाईंच्या बटाट्याची पुढची गोष्ट त्यांना स्वतःला १९३९ मध्ये कळणं शक्यच नव्हतं.

जांभळ्या जिवाणूंच्या पोटात काय चालतं हे पुढच्या दशकांत उलगडत गेलं. त्यांच्यात प्रकाश पकडणारं एक केंद्र असतं. उजेड पडला की त्यातून इलेक्ट्रॉन उसळून बाहेर येतो, प्रथिनांच्या रांगेतून फिरतो आणि शेवटी पुन्हा त्याच केंद्रात येऊन बसतो. रहाटगाडग्यासारखा. या फेरीत सुटलेल्या ऊर्जेतून एटीपी हे पेशीचं चलन तयार होतं. इलेक्ट्रॉनला फेरीच्या शेवटी घरी परत आणून सोडणारं जे लाल प्रथिन आहे त्याचं नाव सायटोक्रोम-सी२. म्हणजे बटाट्यातल्या सायटोक्रोम-सी चं सख्खं भावंडं. यातले काही जिवाणू तर उजेड नसला आणि ऑक्सिजन असला की हेच प्रथिन श्वसनासाठी वापरतात. दिवसपाळीला सौरऊर्जेचं काम, रातपाळीला श्वासाचं, कामगार तोच.

१९७० च्या दशकात या प्रथिनांच्या रचना बाजूबाजूला ठेवून पाहिल्या गेल्या तेव्हा साम्य योगायोगाचं नाही हे स्पष्ट झालं. आपल्या आणि बटाट्याच्या पेशीत जिथे श्वसन चालतं त्या तंतुकणिका म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत मुक्कामाला आलेले जिवाणू आहेत, हे आज सर्वमान्य आहे. हे पाहुणे ज्या मोठ्या कुळातले, त्याच कुळात जांभळे प्रकाशसंश्लेषी जिवाणू येतात. आणि पानातली हरितलवकं? ती दुसऱ्या पाहुण्यांची वंशज, म्हणजे नील-हरित जिवाणूंची. हिल यांनी पानात जे पाहिलं आणि कमलाबाईंनी बटाट्यात जे पाहिलं, ते दोन्ही एका अर्थी जुन्या जिवाणूंचेच संसार होते.

मग हे जिवाणू कार्बन बांधतात तरी कसा? एटीपी आणि इलेक्ट्रॉन तयार झाले की पुढचं काम अंधारातही होऊ शकतं. पाच कार्बनच्या एका साखरेला कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू जोडायचा, सहा कार्बनचा तो तुकडा लगेच फुटून तीन-तीनचे दोन होतात आणि त्यांच्यापासून साखर बनवायची. काही भाग परत पाच कार्बनची साखर बनवण्यात जातो आणि चक्र चालू राहतं. हे केल्व्हिन, बेन्सन आणि बॅशम यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून शोधलं. १९६१ चं नोबेल मात्र एकट्या मेल्व्हिन केल्व्हिन यांना मिळालं. जांभळे जिवाणू, नील-हरित जिवाणू आणि झाडं, तिघेही हेच चक्र वापरतात. हिरवे गंधक जिवाणू मात्र वेगळी वाट धरतात. आपल्या श्वसनात जे क्रेब्स चक्र अन्न जाळून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं, तेच ते उलटं फिरवतात आणि कार्बन आत घेतात.

जोडणी करणाऱ्या विकराचं नाव रुबिस्को. जगातलं बहुतेक अन्न याच्या हातून जातं आणि तरी ते कमालीचं संथ आहे. सेकंदाला साधारण तीन ते दहा रेणू एवढाच त्याचा वेग. वर ते अधूनमधून कार्बन डायऑक्साइड समजून ऑक्सिजनच पकडतं. हवेत दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइड असतो साधारण ४२०, ऑक्सिजन दोन लाखांच्या वर. चूक होणारच.

नील-हरित जिवाणूंनी यावर तोडगा काढला आहे. ते पाण्यात विरघळलेला बायकार्बोनेट आत ओढून घेतात आणि बाहेरपेक्षा कित्येक पटींनी जास्त साठवतात. पेशीत प्रथिनांच्या भिंतींची छोटी बंद कोठारं असतात आणि रुबिस्को त्यांत कोंडलेलं असतं. कोठारात बायकार्बोनेटचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो, तो बाहेर निसटायच्या आत रुबिस्कोच्या हाती लागतो. कामगार सावकाश काम करतो ना, मग त्याच्याभोवती कच्च्या मालाचा ढीग लावून ठेवायचा.

हे पाहायला लांब जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण दीडशे किलोमीटरवर लोणार सरोवर आहे. पाणी खारं आणि सोड्यासारखं क्षारीय, त्यात कार्बोनेट-बायकार्बोनेटचा भरपूर साठा. त्यामुळे बायकार्बोनेट ओढून घेणाऱ्या नील-हरित जिवाणूंना ते मानवतं आणि पाणी एरवी हिरवं दिसतं. स्पिरुलिना नावाने गोळ्या विकतात, त्या जातीचे जिवाणू लोणारमध्ये आहेत. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं आणि फोटो सगळीकडे फिरले. तो रंग मात्र वर सांगितलेल्या जांभळ्या जिवाणूंचा नव्हता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं तेव्हा मिठाच्या पाण्यात वाढणारे वेगळे सूक्ष्मजीव निघाले.

इकडे कमला भागवत १९३९ मध्येच भारतात परतल्या होत्या. परदेशात थांबता आलं असतं, त्या आल्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात नव्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख, मग दक्षिणेत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. १९४७ मध्ये त्यांनी मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न केलं. ते विमा क्षेत्रातले गणिती होते. कमलाबाई मुंबईला आल्या आणि फोर्टमधल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या. योगायोग असा की याच संस्थेत १९२० च्या दशकात वनस्पतिशास्त्राचे प्रा. आर. एच. दस्तूर पानातलं पाणी आणि प्रकाशसंश्लेषण यांचा संबंध तपासत असत.

केंब्रिजमधली सायटोक्रोमची वाट त्यांनी इथे पुढे चालवली नाही. याची हळहळ वाटू शकते. पण मुंबईत त्या पुन्हा ताटाकडे वळल्या आणि ती त्यांची स्वतःची निवड होती. त्या आणि त्यांचे विद्यार्थी कडधान्यांतल्या अशा पदार्थांवर काम करत होते जे पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवतात. उसळ कच्ची न खाता भिजवून, शिजवून खायची घराघरातली रीत यामुळेच शहाणपणाची ठरते. उष्णतेने हे पदार्थ बरेचसे निकामी होतात.

आणि मग नीरा. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडवर्गीय झाडांच्या या गोड रसाचा अभ्यास हाती घेतला. नीरा म्हणजे तरी काय? झाडाच्या पानांनी हवेतून पकडलेला कार्बन, साखर होऊन खाली चाललेला, वाटेतच गाडग्यात उतरवून घेतलेला. त्यात जीवनसत्त्वं आणि लोह आहे हे त्यांनी दाखवलं. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना ती दिल्यावर प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्या सल्ला देत.

एवढं सगळं झाल्यावर संस्थेचं संचालकपद आपोआप यायला हवं होतं. ते चार वर्षं लांबलं. १९३३ मध्ये निदान एक माणूस समोर होता, ज्याला जाऊन विचारता येत होतं. या वेळी समोर कुणीच नव्हतं, फक्त फाइल हलत नव्हती. अखेर त्या संचालक झाल्या.

१९६६ मध्ये मुंबईत नऊ बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली तेव्हा त्यात कमलाबाई होत्या. केंब्रिजची पीएचडी असलेली बाई ‘कीमत’ या ग्राहकांच्या मासिकात भेसळ आणि सुरक्षिततेवर लिहीत होती. १९८२-८३ मध्ये त्या सोसायटीच्या अध्यक्ष होत्या.

रामन प्रकरण आणि केंब्रिज हे सगळं बहुतेकांना उशिरा कळलं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या प्रमुख डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९९८ मध्ये त्यांचा सत्कार ठरवला. या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. १८ जून २०२३ ला गुगलने त्यांच्यावर डूडल केलं.

ज्यांना मूळ काम वाचायचं आहे त्यांनी मात्र सोहोनी हे नाव टाकून शोधू नये. बटाट्याच्या श्वासावरचा सविस्तर निबंध १९५१ मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात आला. तोवर त्यांच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्या मुंबईत शिकवत होत्या. निबंधावर नावं आहेत ती भागवत आणि हिल यांची, आणि या वेळी भागवत आधी आहे.